व्यवस्थापनाचे शिक्षण आणि घरचा धंदा : वाचकांचे प्रश्न

बारावीच्या निकालानंतर रायगडपासून सावंतवाडीपर्यंतच्या वाचकांची जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी व्यवसाय व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांविषयी आहेत. सारख्या शंका एकत्र करून त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी वाणिज्य शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली आहे. एक महाविद्यालय बीएमएस म्हणते, दुसरे बीबीए, तर तिसऱ्या ठिकाणी बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) असे नाव सांगितले गेले. यांत फरक कोणता? बाहेरच्या एका संस्थेचा माणूस गावात येऊन ‘सीईटीची गरज नाही, आजच पैसे भरून जागा अडवा’ असे सांगून गेला आहे. आमचे सगळे उत्पन्न आंब्यावर अवलंबून असल्याने चुकीच्या ठिकाणी पैसे गेले तर पुन्हा उभे करणे कठीण आहे.
— एक पालक, राजापूर

उत्तर : नावांचा हा गोंधळ २०२४ सालापासून वाढला आहे. त्याआधी बीबीए (बॅचलर ऑफ बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन) आणि बीएमएस (बॅचलर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज) या पदव्या इतर पारंपरिक पदव्यांप्रमाणेच विद्यापीठाच्या अखत्यारीत होत्या आणि प्रवेश बारावीच्या गुणांवर मिळत असे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने हे अभ्यासक्रम आपल्या मान्यतेखाली घेतले आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात त्यांच्यासाठी पहिली सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, झाली. ज्या महाविद्यालयांना परिषदेच्या अटी आणि ही परीक्षा नको होती, त्यांतील अनेकांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून तो वाणिज्य शाखेतच ठेवला. बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) हे नाव तेथून आले. शिकवले जाणारे विषय बरेचसे तेच आहेत. विद्यापीठ मान्यताप्राप्त असेल, तर पुढे एमबीएला किंवा स्पर्धा परीक्षांना बसण्यासाठी या तिन्ही पदव्या चालतात. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न असून विद्यापीठाचे एक उपकेंद्र रत्नागिरीत आहे. विद्यापीठाच्या मान्यतेविषयी शंका असेल, तर तेथे चौकशी करता येते.

खरा फरक पडतो तो शुल्कात. राज्य शासनाने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे सीईटीच्या गुणांवर राज्य शासन राबवते त्या प्रक्रियेतून, झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून (संस्थेने स्वतः भरायच्या जागांवर) किंवा खासगी विद्यापीठात प्रवेश घेतल्यास ही सवलत मिळत नाही. याचा अर्थ असा, की ‘सीईटीची गरज नाही’ हे त्या माणसाचे वाक्य तुमच्या मुलीच्या सोयीचे वाटले, तरी त्यामुळे तिची संपूर्ण शुल्कमाफी हातची जाऊ शकते. सीईटी राहून गेली असेल, तर अतिरिक्त परीक्षेची घोषणा झाली आहे का ते सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर पाहावे. २०२४ मध्ये पुष्कळ जागा रिकाम्या राहिल्याने अशी परीक्षा घेण्यात आली होती. बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) हा पर्याय निवडणार असाल, तर महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील कोणती योजना तेथे लागू होते हे महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे.

आजच जागा अडवा म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. ठरलेल्या शुल्काव्यतिरिक्त प्रवेशासाठी पैसे मागण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कॅपिटेशन शुल्क प्रतिबंधक कायद्याने बंदी आहे. त्या संस्थेला एवढेच विचारावे, की पदवीच्या प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचे नाव येणार, चालू वर्षाची परिषदेची मान्यता आहे का, आणि परिव्यय लेखाशास्त्र म्हणजे कॉस्टिंग शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक कोण आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, तर इमारत कितीही देखणी असली तरी त्या संस्थेचा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिली पदवी घराजवळच्या, चांगल्या शिक्षकांच्या महाविद्यालयात घ्यावी आणि वाचलेला पैसा पुढच्या शिक्षणासाठी ठेवावा, हे बागायतदाराच्या कुटुंबाला अधिक झेपणारे आहे.

प्रश्न : आमचा काजूप्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. वडील म्हणतात, ‘तीन वर्षे कॉलेजात घालवण्यापेक्षा आतापासून कारखान्यात बस, धंदा धंद्यातच शिकता येतो.’ मला बीबीए करायचे आहे, पण त्याचा कारखान्याला नेमका काय उपयोग होईल हे मला वडिलांना पटवून देता येत नाही.
— एक विद्यार्थी, वेंगुर्ले

उत्तर : तुमच्या वडिलांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि ते अर्धे फार मोलाचे आहे. बी हातात घेऊन तिचा ओलावा ओळखणे, वाफवण्याची वेळ ठरवणे, सोलणाऱ्या बायकांकडून गर न मोडता काम करून घेणे, हे कोणतेही महाविद्यालय शिकवणार नाही. मात्र पैसा कारखान्यात कोठे अडकतो आणि नफा कोठे गळतो, हे केवळ अनुभवाने उशिरा कळते आणि कधी कधी कळतही नाही. व्यवस्थापनाचा अभ्यास तेथे उपयोगी पडतो. वडिलांसमोर मांडता यावा म्हणून एक हिशेबच करून दाखवतो. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. तुम्ही त्यांच्या जागी आपल्या वहीतले घाला.

समजा, मार्च ते मे या हंगामात तुम्ही १० टन काजू बी किलोला १२० रुपयांनी घेतली. १२ लाख रुपये गेले. साधारण चार किलो बीमागे एक किलो गर धरला, तर २,५०० किलो काजूगर मिळेल आणि एका किलो गरामागे नुसत्या बीचा खर्च ४८० रुपये पडेल. वाफवणे, फोडणे, वाळवणे, साल काढणे, प्रतवारी आणि पॅकिंग यांचा खर्च किलोला १३० रुपये धरू. येथे बहुतेक कारखानदार बेरीज थांबवतात, ६१० रुपये हा आकडा मनात ठेवतात आणि ७५० रुपयांना गर विकला की किलोमागे १४० रुपये सुटले असे मानतात.

आता पुढे पाहा. बी हंगामात एकदम घ्यावी लागते, पण फोडली जाते पुढचे दहा महिने. म्हणजे प्रत्येक किलो बी सरासरी पाच महिने गोदामात पडून असते. ते १२ लाख बँकेच्या कॅश क्रेडिटमधून (धंद्यासाठी लागेल तसे उचलता येणाऱ्या कर्जातून) १० टक्के व्याजाने उचलले असतील, तर पाच महिन्यांचे व्याज ५०,००० रुपये, म्हणजे गराच्या किलोमागे २० रुपये. यंत्रांच्या कर्जाचा हप्ता, शेडचे भाडे, राखणदार आणि विजेचा स्थिर आकार मिळून वर्षाला २ लाख रुपये जात असतील, तर २,५०० किलोवर ते किलोला ८० रुपये होतात. खर्च ७१० वर पोहोचला आणि १४० चे ४० झाले. ज्या व्यापाऱ्याने ७५० रुपये भाव दिला, तो पैसे दोन महिन्यांनी देणार असेल, तर त्या दोन महिन्यांचे व्याज आणखी साडेबारा रुपये खाते. हातात राहिले साडेसत्तावीस. एखाद्या वर्षी मजूर मिळाले नाहीत आणि १,५०० किलोच गर तयार झाला, तर स्थिर खर्च ८० वरून १३३ रुपयांवर जातो आणि ७५० रुपयांचा तोच भाव तोट्याचा ठरतो. दुसऱ्या बाजूला, टरफले विकून मिळालेली रक्कम खर्चातून वजा करायची असते, आणि अखंड गर, पाकळी व तुकडा यांचे भाव वेगवेगळे असल्यामुळे विक्रीचा भावही सरासरीने काढावा लागतो. सोलताना तुकड्याचे प्रमाण थोडे कमी झाले, तर ही सरासरी किती वाढते, हे एकदा स्वतः मांडून पाहा.

एवढ्या उदाहरणात अभ्यासक्रमातील किती विषय आले पाहा. स्थिर आणि बदलते खर्च वेगळे करणे हा कॉस्टिंगचा पाया आहे. गोदामातली बी आणि व्यापाऱ्याकडची उधारी मिळून खेळते भांडवल होते, आणि ते वित्तीय व्यवस्थापनात शिकवतात. मजूर टिकवणे हा मनुष्यबळ व्यवस्थापनाचा विषय आहे. उधारीच्या बाबतीत तर व्यवसायविषयक कायद्याचा पेपरही थेट कामाला येतो : सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने, लेखी करार काहीही असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत, आणि उशीर केल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. तुमच्या कारखान्याची उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडे सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद, झालेली आहे का, हे वडिलांना आजच विचारा. ती नसेल, तर पदवीची वाट न पाहता आधी करून घ्या.

म्हणून माझा सल्ला असा, की बीबीए जरूर करा, पण कारखान्यापासून रोज जाऊन-येऊन करता येईल अशा महाविद्यालयात करा. हंगामात बीच्या खरेदीला वडिलांबरोबर उभे राहा, आणि पहिल्या सत्रापासून कारखान्याची खातेवही स्वतः लिहा. वडिलांना हवे असलेले शिक्षण आणि तुम्हाला हवे असलेले शिक्षण यांत निवड करण्याची वेळ तुमच्यावर आलेली नाही.

प्रश्न : मी मराठी माध्यमातून कला शाखेची बारावी केली आहे. गणित दहावीनंतर सुटले. मला व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम झेपेल का? मैत्रिणी म्हणतात, तिथे सगळे इंग्रजीत बोलतात.
— एक विद्यार्थिनी, गुहागर

उत्तर : बीबीए आणि बीएमएसला कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेल्यांना प्रवेश मिळतो. त्यामुळे पात्रतेची अडचण नाही. गणिताची भीती अनाठायी आहे : शेकडेवारी, गुणोत्तर, सरळ आणि चक्रवाढ व्याज, सरासरी आणि थोडी संख्याशास्त्राची ओळख एवढ्यावर पहिली दोन वर्षे निभावतात. दहावीची जुनी पुस्तके काढून सुट्टीत रोज थोडा वेळ दिला, तर ही तयारी जून उजाडेपर्यंत होते. तुम्हाला खरी नवी गोष्ट वाटेल ती लेखाकर्म, कारण वाणिज्यच्या मुलांनी जमा-खर्चाच्या नोंदी दोन वर्षे केलेल्या असतात आणि तुम्ही केलेल्या नसतात. अकरावीचे वाणिज्य शाखेचे पुस्तपालनाचे पाठ्यपुस्तक मराठीत उपलब्ध आहे. प्रवेशापूर्वी त्यातली पहिली काही प्रकरणे सोडवून जा.

इंग्रजीचे मात्र खोटे आश्वासन देणार नाही. पाठ्यपुस्तके आणि अध्यापन बहुतांशी इंग्रजीत असते, आणि २०२४ च्या प्रवेश परीक्षेत १०० पैकी ४० प्रश्न इंग्रजीचेच होते. उत्तर चुकले तरी गुण कापले जात नाहीत, हा त्यातला दिलासा आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना उच्चारांची लाज वाटते आणि ती वर्गात गप्प बसतात; नुकसान होते ते या गप्प बसण्याने. संकल्पना आधी मराठीत समजून घ्या, आपल्या गावच्या दुकानाचे किंवा होडीचे उदाहरण घालून कोणाला तरी समजावून सांगा, आणि मग तेच चार वाक्यांत इंग्रजीत लिहा. विषय डोक्यात स्पष्ट असेल, तर साधी, छोटी इंग्रजी वाक्ये परीक्षेत आणि पुढे मुलाखतीतही पुरतात.

प्रश्न : मी मालवणला एका रिसॉर्टमध्ये स्वागतकक्षात काम करतो. पदवी अपुरी राहिली. नोकरी सोडून शिकणे शक्य नाही. दूरशिक्षणाची पदवी चालते का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : चालते, पण त्या विद्यापीठाला आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता असली पाहिजे. अशी मान्यता असलेली मुक्त किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानावी, असे आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) ही दोन्ही शासकीय विद्यापीठे आहेत. त्यांच्या अभ्यासकेंद्रांची चौकशी आधी करावी. तुमच्या अपुऱ्या पदवीची जी वर्षे पूर्ण झाली आहेत, त्यांच्या गुणपत्रिका घेऊन जा, कारण काही वेळा पुढच्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. पर्यटनाच्या हंगामात परीक्षा आल्या तर रजा मिळेल का, हे मालकांशी आत्ताच बोलून ठेवणे शहाणपणाचे होईल.

प्रश्न : मी बीएमएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. लगेच एमबीए करावे की आधी नोकरी करावी, आणि कॅट द्यावी की राज्याची सीईटी पुरेशी आहे?
— एक विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : बीएमएसनंतर लगेच एमबीए करणाऱ्यांना पहिल्या वर्षात पुष्कळसा अभ्यास पुन्हा करावा लागतो. विपणन, मनुष्यबळ, वित्त यांची ओळख त्यांना आधीच झालेली असते. अभियांत्रिकी किंवा विज्ञान शाखेच्या मुलांना तेच विषय नवे असतात. म्हणून तुमच्यासारख्याने मधली दोन वर्षे नोकरी करावी, याकडे माझा कल आहे. ती नोकरी वातानुकूलित कार्यालयातलीच असावी असे नाही. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील खरेदी विभाग, जयगड बंदरातील मालवाहतूक, एखाद्या सहकारी बँकेतील कर्जविभाग, यांपैकी कोठेही दोन वर्षे घालवलेला विद्यार्थी एमबीएच्या वर्गात वेगळे प्रश्न विचारतो. चांगल्या संस्था मुलाखतीत याच अनुभवाबद्दल खोदून विचारतात.

घरची परिस्थिती अशी असेल, की एकदा नोकरीला लागल्यावर पुन्हा शिकायला सोडणार नाहीत, तर मात्र थांबू नका. अनेक मुलींच्या बाबतीत हे खरे असते, आणि तेव्हा सलग शिक्षणच योग्य.

परीक्षांविषयी थोडक्यात. राज्याच्या एमबीए-एमएमएस सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात आणि उणे गुण नसतात. त्यामुळे वेगाचा सराव महत्त्वाचा. कॅटमध्ये, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांच्या देशपातळीवरील प्रवेश परीक्षेत, चुकीच्या बहुपर्यायी उत्तराला गुण कापले जातात आणि प्रत्येक विभागाला ४० मिनिटांची मर्यादा असते. तेथे कोणता प्रश्न सोडून द्यायचा हे कळावे लागते. मुंबईतील जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था ही १९६५ पासून मुंबई विद्यापीठाची संस्था असून तेथे राज्याच्या सीईटीतून प्रवेश मिळतो, आणि ‘नीटी’ या नावाने ओळखली जाणारी पवईची संस्था २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली असून तेथे कॅट लागते. दोन्ही द्या, परंतु तयारीचा पाया एकच असल्याने दोन वेगळ्या शिकवण्यांचे शुल्क भरू नका. नाव न ऐकलेल्या संस्थेत १० लाख रुपये कर्ज काढून एमबीए करण्याला माझा ठाम विरोध आहे. त्या कर्जाचा मासिक हप्ता काढा, त्या संस्थेच्या मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष मिळालेला पगार त्यांच्याच तोंडून ऐका, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून पाहा.

प्रश्न : शेवटच्या सत्रात प्रकल्प अहवाल द्यायचा आहे. वर्गातले बहुतेक जण मोठ्या कंपन्यांविषयी इंटरनेटवरून उतरवून काढतात. मला इथलाच विषय हवा आहे. आंब्यावर काही करता येईल का?
— एक विद्यार्थिनी, देवगड

उत्तर : तुमचे पत्र वाचून फार समाधान वाटले. देवगडात राहून याहून चांगला विषय शोधायची गरज नाही. ‘आंबा व्यवसायाचा अभ्यास’ असे मोघम शीर्षक मात्र घेऊ नका. एका बागेची एका मोसमातील पेटी घ्या आणि तिचा हिशेब शेवटपर्यंत न्या : फवारणी, राखण, काढणी, पेटी आणि पेंढा, वाशीच्या बाजारापर्यंतचे भाडे, हमाली, तोलाई, आणि शेवटी व्यापाऱ्याकडून आलेली पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद. बागायतदाराने मोसमापूर्वी व्यापाऱ्याकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली असेल, तर अहवालाचा गाभा तेथे आहे. उचलीवर व्याज लावलेले दिसत नाही, परंतु ज्याने उचल घेतली आहे त्याला माल त्याच व्यापाऱ्याकडे पाठवावा लागतो. त्याच दिवशीचे, त्याच प्रतीच्या मालाचे बाजार समितीतील दर मिळवा, पट्टीतल्या दराशी त्यांची तुलना करा आणि जो फरक निघेल तो उचलीच्या रकमेवर वार्षिक टक्केवारीत मांडा. ही टक्केवारी बँकेच्या दराशेजारी ठेवली, की तुमचा निष्कर्ष तयार होतो. २०१६ मध्ये राज्यात झालेल्या बदलानुसार फळे आणि भाजीपाल्यावरील अडत (अडत्याची दलाली) शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची आहे. पट्टीवर प्रत्यक्षात कोणत्या नावाने काय कापले आहे, हेही तपासा.

वेळ उरला तर एक प्रकरण भौगोलिक मानांकनावर, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावू देणाऱ्या नोंदणीवर, लिहा. हापूसला हे मानांकन २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी मिळाले, पण ते वापरण्यासाठी बागायतदाराला स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. तुमच्या वाडीत किती जणांनी ती केली आहे आणि त्यांना दरात काही फरक पडला का, हे दारोदार जाऊन विचारा. इतक्या लहान नमुन्यावरून साऱ्या जिल्ह्याविषयी विधान करू नये, ही मर्यादा अहवालात नोंदवा. परीक्षक त्याचे गुण देतात.

पट्ट्या वापरण्याआधी बागायतदाराची परवानगी घ्या, आणि अहवालात त्याचे व व्यापाऱ्याचे नाव घालू नका. महाविद्यालयाला इंग्रजी अहवाल दिल्यानंतर दोन-तीन पानांचा मराठी सारांश करून बागायतदाराच्या हाती द्या, तोही पुढच्या मोसमाची उचल ठरण्यापूर्वी, म्हणजे उचल घ्यायची की सोसायटीचे पीककर्ज काढायचे, हे त्याला आकडे समोर ठेवून ठरवता येईल.